चाइल्ड थीम: रोपवाटिकेच्या संकेतस्थळावरील अनुभव

शेंदुरजनाघाट परिसरातील आमच्या संत्रा रोपवाटिकेचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीच्या ट्वेन्टी ट्वेन्टी-वन या थीमवर, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचावर, चालते. डिसेंबर २०२० मध्ये वर्डप्रेस ५.६ सोबत आलेली ही थीम साधी आणि मोफत आहे; मात्र फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, वर्डप्रेसच्या उल्लेखाऐवजी आमचा पत्ता व मोबाइल क्रमांक दिसावा म्हणून मी थेट मूळ फाइलच बदलली होती, आणि ऐन जुलैत, कलमांची मागणी जोरात असताना, थीम अपडेट करताच तो क्रमांक नाहीसा झाला. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर मी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमच्या फाइलींना हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी जोडथीम, तयार केली; तिचा हा अभिप्राय.

आमच्याकडे जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुर, भरून कलम तयार करतात. चाइल्ड थीमही तशीच मूळ थीमच्या खुंटावर जगते. मूळ थीम काढून टाकली तर तीही चालत नाही. थीम्सच्या फोल्डरात वेगळे फोल्डर करून त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही रंग-रूपाच्या सूचनांची फाइल ठेवावी आणि तिच्या माथ्यावर थीमचे नाव व ‘टेम्प्लेट’ची ओळ लिहावी. या ओळीत थीमचे दिसणारे नाव नव्हे, तर मूळ फोल्डरचे नाव, म्हणजे तिन्ही शब्द जोडून, लिहावे लागते; मी मध्ये जागा सोडल्यामुळे मूळ थीम सापडत नसल्याचा संदेश पाहण्यात एक संध्याकाळ गेली, भारनियमनाचे तास वेगळेच. आपली स्टाइल लोड करण्यासाठी चाइल्ड थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपी या कामकाजाच्या सूचनांच्या फाइलीत काही ओळी लिहाव्या लागतात, पण मूळ फाइलची नक्कल तिच्यात उतरवू नये, कारण दोन्ही फाइली चालतात आणि आपली आधी चालते, म्हणजे त्याच सूचना दोनदा येतात.

फूटरच्या फाइलची प्रत चाइल्ड थीममध्ये ठेवली की तीच वापरली जाते. त्यानंतर अनेक अपडेट झाले, तरी क्रमांक जागेवर आहे. मात्र मूळ फूटरमध्ये पुढे झालेल्या सुधारणा या प्रतीत येत नाहीत, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतर दोन्ही फाइली ताडून पाहाव्या लागतात, हे मला फार उशिरा उमगले. शिवाय लोगो, रंग आणि वर्डप्रेसच्या ‘अतिरिक्त सीएसएस’ या रकान्यात लिहिलेल्या रूपाच्या ओळी थीमनिहाय साठवल्या जात असल्याने चाइल्ड थीम सुरू केल्यावर त्या पुन्हा भराव्या लागल्या.

केवळ रंग किंवा अक्षरांचा आकार बदलायचा असेल, तर अतिरिक्त सीएसएस पुरेसे आहे. ते डेटाबेसमध्ये राहत असल्याने अपडेटमुळे पुसले जात नाही. ट्वेन्टी ट्वेन्टी-टूसारख्या ब्लॉक थीममध्ये, म्हणजे तुकडे जोडून पान रचणाऱ्या नव्या पद्धतीच्या थीममध्ये, तर फूटरही संपादकातूनच बदलता येतो. जुन्या पद्धतीच्या थीमचे साचे, म्हणजे फूटरसारख्या भागांच्या फाइली, बदलणाऱ्यांसाठी मी चाइल्ड थीमला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण फाइली ताडून पाहण्याच्या कामापायी कापला आहे.