आर्क्टिकच्या एकाच सहलीसाठी स्वस्त उबदार कपडे: जानेवारीतला बर्फ आणि गोव्यातला पावसाळा, दोन्ही सोसल्यानंतर

या कपड्यांची परीक्षा दोनदा झाली. पहिली जानेवारीत, नॉर्वेतल्या ट्रोम्सोला आणि फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला. दुसरी जून ते सप्टेंबर, पणजीतल्या बंद कपाटात. पहिलीत स्वस्त मालही बऱ्यापैकी टिकला. दुसरीत महागातल्या काही वस्तूंनीही मान टाकली. म्हणून गोव्यातून एकदाच अशी सहल करणाऱ्याने जाडजूड जाकिटावर पैसे ओतू नयेत. ते कुणाकडून मागून न्यावं किंवा तिथे भाड्याने घ्यावं. खिशातले पैसे पाय, हात आणि अंगालगतच्या थरावर घालावेत.

आधी ठिकाण बघा, कारण 'आर्क्टिक' एवढ्यावरून खरेदी केली तर निम्मी चुकते. ट्रोम्सो रोव्हानिएमीच्या बरंच उत्तरेला आहे, पण समुद्राकाठी. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३-४ अंशांच्या आसपास राहतं. बर्फ ओला पडतो, मध्येच पाऊस येतो आणि ते पाणी रस्त्यावर गोठतं. तिथे थंडीपेक्षा भिजण्याची आणि घसरण्याची भीती जास्त. रोव्हानिएमी आर्क्टिक वर्तुळाला लागून असलं तरी समुद्रापासून लांब, त्यामुळे सरासरी उणे ११-१२, आणि थंडीची लाट आली की पारा उणे ३० पर्यंतही उतरतो. तिथला बर्फ कोरडा भुगा. झटकला की गेला. म्हणजे ट्रोम्सोला वॉटरप्रूफ जाकीट हवंच, रोव्हानिएमीला ते नसलं तरी चालतं, पण वारा अडवणारं काहीतरी पाहिजे. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे २० सारखं लागतं. स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटरसायकल) ताशी ४० ने धावत असेल तर वारा नसतानाही उणे १५ चे उणे २७ होतात.

अंगालगतचा थर. आपल्याकडच्या दुकानांत 'थर्मल' म्हणून मिळणारे करडे-पांढरे सेट बहुधा सुती किंवा सूतमिश्रित असतात. लेबल उलटून वाचा. सूत घाम पितं आणि सोडत नाही. तिथे कसला घाम, असं गोव्यात बसून वाटतं. पण हॉटेल, बस, दुकानं, सगळीकडे आत २०-२२ अंश असतात. सगळे थर चढवून बॅग ओढत थांब्यापर्यंत गेलं की पाठ ओली होते, आणि मग बसची वाट बघत उभं राहिलं की तीच ओली पाठ गारठते. थंडी वाजण्याच्या तक्रारींत 'कपडे कमी पडले' पेक्षा 'आत भिजलो' हेच कारण जास्त वेळा निघतं. उपाय दोन. सूत टाळायचं, आणि बाहेर निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालून चालायला लागायचं. जाडा थर थांबल्यावर चढवायचा.

पॉलिएस्टरचा साधा स्कीइंगचा सेट, डेकॅथलॉनमध्ये मिळतो तसा, वरखाली मिळून दीड-दोन हजारांत बसतो आणि पुरतो. तो अंगाला चिकटून बसला पाहिजे. काखेत किंवा कमरेपाशी ढगळ राहिला तर घाम बाहेर फेकत नाही. पॉलिएस्टरला दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून दोन सेट न्यावेत. रात्री बेसिनमध्ये धुऊन वाळत घातला की सकाळी कोरडा मिळतो, कारण हीटरमुळे खोल्यांतली हवा अगदी सुकी असते. मेरिनो लोकरीचा (मेरिनो म्हणजे मऊ लोकरीची मेंढी) फक्त वरचा एक घ्यावा, चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम कापडाचा. महाग आहे, पण चार-पाच दिवस न धुता चालतो आणि टोचत नाही. मेरिनोची विजार मात्र उधळपट्टी वाटते. मांड्यांना तेवढा घाम येत नाही.

त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ पॉलिएस्टरचं जाकीट. त्याच्या लेबलावरचा १००, २०० हा आकडा म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ३०० चा एक जाडा घेण्यापेक्षा १०० चा एक आणि २०० चा एक असे दोन घ्या. ट्रोम्सोच्या रस्त्यावर १०० चा पुरतो, रोव्हानिएमीच्या रात्री दोन्ही लागतात. १०० चा तर हजाराच्या आत येतो. पूर्ण चेन असलेलाच घ्यावा, डोक्यातून घालायचा नको. आतबाहेर करताना दिवसातून दहादा काढावा लागतो.

आता बूट, जिथे कंजुषी अंगाशी येते. बुटावर 'उणे २०' लिहिलेलं असतं ते चालणाऱ्या माणसासाठी. ऑरोरा (रात्रीच्या आकाशातले ध्रुवीय प्रकाशाचे झोत) बघायला माणूस दोन-तीन तास एका जागी उभा राहतो, तेव्हा तो आकडा निम्म्यावर आला असं धरावं. गारठा वरून कमी आणि तळव्यातून जास्त येतो. त्यामुळे मऊ अस्तरापेक्षा तळ किती जाड आहे ते बघा. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा हवा आणि आत एकच जाड लोकरीचा मोजा. दोन मोजे कोंबले की बोटं आवळली जातात, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतो. मूळ सोल काढून लोकरी नमद्याचा सोल घातला की फरक लगेच कळतो. आणखी एक फुकटचा उपाय: जुन्या योगा मॅटचा ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा कापून न्या आणि उभं राहताना पायाखाली घाला. बरोबरचे आधी हसतात, अर्ध्या तासाने तुकडा मागतात.

स्वस्त बुटांचा तळ पीव्हीसीचा असेल तर थंडीत तो लाकडासारखा कडक होतो आणि घसरतो. हे गोव्यातच तपासता येतं. बूट स्वच्छ पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. सकाळी तळ हाताने वाकवून बघा. वाकला तर रबर बरं, नाही वाकला तर परत करा. चेन आणि वेलक्रो यांचीही तीच चाचणी करून घ्यावी. इथली हवा डिसेंबरातही १८-२० अंशांखाली फारशी उतरत नाही, त्यामुळे घराबाहेर कसलीच चाचणी होत नाही. निसरड्या बर्फासाठी बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे लागतात. ते ट्रोम्सोतच घ्या, खेळांच्या दुकानात सहज मिळतात. दुकानात किंवा हॉटेलात शिरताना काढायचे, नाहीतर गुळगुळीत फरशीवर तेच पाडतात.

हातांसाठी दोन थर: आत पातळ बोटांचे हातमोजे, वर एकबोटी मोठे मिटन. मिटनमध्ये चार बोटं एकमेकांना ऊब देतात. जाड पाचबोटी मोज्यांत प्रत्येक बोट एकटं पडतं. आतले मोजे टचस्क्रीनवर चालणारे हवेत, म्हणजे फोटोसाठी कातडी उघडी पडत नाही. फोन आणि जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत ठेवायची. बाहेरच्या खिशात ४० टक्के चार्ज असलेला फोनही गारठून बंद पडू शकतो आणि आत आल्यावर पुन्हा चालू होतो. हात गरम करायच्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते. ती हवेतल्या प्राणवायूने गंजते आणि गंजताना तापते. म्हणून घट्ट बुटात हवा न मिळाल्याने त्या मंद पडतात. पायांसाठीच्या वेगळ्या मिळतात, त्या घ्या. कुठलीही पुडी थेट कातडीवर ठेवू नका, चटका बसतो.

मान आणि तोंडासाठी लोकरीची नळीसारखी पट्टी शालीपेक्षा बरी. स्नोमोबाइलवर शालीचं टोक सुटतं. चष्मेवाल्यांनी ती नाकाखाली ठेवावी, वर ओढली की श्वास काचेवर जाऊन तिथेच गोठतो.

मोठं जाकीट विकत का घेऊ नये? एक तर हस्की कुत्र्यांची घसरगाडी, स्नोमोबाइल आणि ऑरोराच्या बऱ्याच सहलींत आयोजक जाड ओव्हरऑल (कपड्यांवरून चढवायचा अखंड सूट) आणि बूट देतात. बुकिंगमध्ये 'थर्मल सूट' लिहिलंय का ते बघा, नसेल तर ईमेल करून विचारा. हा सूट चढवायच्या आधी प्रसाधनगृहात जाऊन यावं. चार थरांवर तो चढल्यावर उतरवायला दहा मिनिटं जातात, बायकांना तर फारच अडचण. दुसरं, दोन्ही गावांत कपडे भाड्याने मिळतात. दिवसाचं भाडं महाग वाटतं, पण ते गोव्यातल्या पुढच्या पावसाळ्याचा हिशोब धरून तोला. स्वतःचं म्हणून फार तर पातळ कृत्रिम भरावाचं पफर जाकीट घ्या. पिसांचं हलकं आणि जास्त उबदार असतं खरं, पण ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते, म्हणजे ट्रोम्सोलाही धोका आणि गोव्यातही.

वारा अडवायला घरातलं पावसाळी जाकीट चालेल का? स्कूटरवर वापरतात ते नायलॉनचं, आत जाळी असलेलं आणि दोन फ्लीस मावतील इतकं सैल असेल तर चालतं. जाड पीव्हीसीचा रेनकोट मात्र नको. थंडीत तो कडक होऊन चिरतो, शिवाय आतला घाम बाहेर जायला वाटच नसते.

मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून निघताना एक थर्मल सेट, हातमोजे, टोपी आणि जाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर पहिला दिवस निभतो. बूट पायात घालूनच जावं. ३० अंशांत बावळट दिसतं, पण दोन किलो वजन वाचतं.

अशी यादी धरली तर एका माणसाचा खर्च साधारण १५ ते १८ हजार रुपये येतो. त्यातले निम्म्याच्या आसपास बूट, मोजे आणि हातमोज्यांत जातात.

पावसाळ्यानंतरची गोष्ट अशी. फ्लीस आणि पॉलिएस्टर जसेच्या तसे. मेरिनोला बारीक भोकं पडली तर ती कसरीची. न धुता ठेवलेल्या, घामाचा अंश राहिलेल्या लोकरीला ती आधी लागते. पफरला कुबट वास येतो. वॉटरप्रूफ जाकिटाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर दमट उष्ण हवेत हळूहळू विरघळल्यासारखा होतो, हाताला चिकट लागतो, मग त्याच्या खपल्या निघतात. काही बुटांचे मधले तळ त्याच पदार्थाचे असतात, ते दोन-चार वर्षांनी घालायला काढले की चालता चालता भुगा होतात. समुद्राजवळच्या घरांत चेनचे धातूचे सरक हिरवे पडतात.

म्हणून मे महिन्यातच सगळं धुऊन, कडक उन्हाच्या दिवसांत दोन दिवस सावलीत वाळवून, पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाच्या) डब्यांसारखं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरायचं. प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या. त्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की पिशव्या ओव्हनमध्ये मंद तापवून परत घालायच्या. व्हॅक्यूम पिशवी फ्लीसला चालते, पफरला नाही, भराव दबून फुगणं संपतं. बुटांतले सोल काढून वेगळे ठेवायचे, नाहीतर पहिली बुरशी तिथेच धरते. फ्लीसला सॉफ्टनर लावायचा नाही. आणि बूट, मिटन, जाकीट पुन्हा लागणार नसतील तर पावसाआधी, जूनच्या सुरुवातीलाच, पुढच्या हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या कुणाला तरी माप बघून देऊन टाका. चतुर्थीपर्यंत थांबलात तर देण्यासारखे राहत नाहीत.