रोटोसाउंड एसएच ७७ : स्टीव्ह हॅरिसच्या नावाच्या तारा

१ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडन ऐकलेल्यांना स्टीव्ह हॅरिसची बास गिटार चांगलीच आठवत असेल. गिटारांच्या गोंगाटातूनही फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटणाऱ्या तारांचा खणखणाट स्वच्छ ऐकू येतो. तोच आवाज हवा म्हणून अनेक जण रोटोसाउंड या ब्रिटिश कंपनीचा, हॅरिसच्या नावाचा हा तारांचा सेट घेतात आणि महिनाभरात निराश होतात. दोष तारांचा नसतो.

हा फ्लॅटवाउंड, म्हणजे गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारांचा सेट मोनेलचा, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा आहे. गेज, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजारांशांत, ५०-७५-९५-११०. फ्लॅटवाउंड म्हटलं की गोल, दबका आवाज डोळ्यासमोर येतो, पण या तारा नव्या असताना चांगल्याच कडक बोलतात. ही धार मात्र फार टिकत नाही. हॅरिस दर कार्यक्रमाला ताजा सेट चढवतो, त्याचं कारण हेच. शिवाय १९७५च्या नाताळात लंडनमध्ये बँड उभा केल्यापासून त्याची ओळख बनलेली ती घोडदौड, एक लांब आणि दोन आखूड ठोके, तो पिकशिवाय दोन बोटांनी वाजवतो. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी, प्रहार जोराचा. हलक्या हाताने वाजवलं तर याच तारा मुक्या वाटतात.

बसवताना घाई नको. ४५-१०५च्या सेटसाठी कापलेल्या नटमध्ये (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीत) ११०ची ई तार, म्हणजे सर्वांत जाड तार, खाचेच्या तळाला टेकत नाही, वरच अडकते. मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो आणि लोक उगाच ब्रिजशी, म्हणजे बॉडीवरच्या तारांच्या आधाराशी, झटापट करतात. खाच फाइलने रुंद करा, खोल करू नका. तारा एकेक करून बदला. जादा तार कापण्याआधी पक्कडीने ती काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरची चपटी पट्टी आतल्या गाभ्यावरून सुटते आणि तार कायमची मेल्यासारखी वाजते. बॉडीच्या मागून तारा ओवायची सोय असली तरी पुढून, ब्रिजमधूनच ओवा. मागच्या तीव्र वळणावर पट्टीला तोच धोका असतो.

ताण वाढल्याने मान पुढे वाकते. ट्रस रॉड (मानेतला, तिचा बाक सुधारणारा दांडा) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, रात्रभर थांबा, मग मोजा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ मिमी फट पुरे. त्यानंतरच ॲक्शन उतरवा आणि शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर जुळवा. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागतं.

जोराने वाजवणाऱ्याने, तेही फेंडरच्या प्रिसिजनसारख्या बासवर, हा सेट जरूर घ्यावा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवला तर उत्तमच. वर्षातून एकदाच तारा बदलणाऱ्यांनी मात्र ४५-१०५चा साधा फ्लॅटवाउंड सेट घ्यावा. बोटांनाही तो सोसवेल.