फर्स्ट इयरचं नर्सिंग किट: पाउच घ्या, पण उघडून

जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) प्रवेश झाला की पहिल्या काही दिवसांतच हातात यादी पडते: बीपीचं मशीन, स्टेथो, थर्मामीटर, टॉर्च, बँडेज कात्री, आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा), मापाची टेप, सेकंद काट्याचं घड्याळ. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत ही यादी नुसती पुढे केली की काउंटरवर चेनचं तयार पाउच येतं, आत सगळं खोचलेलं. घाईत असलेले पालक तेच उचलतात. पाउच वाईट नसतं. मात्र त्यातल्या आठ वस्तूंपैकी दोनच वस्तूंवर पुढची तीन वर्षं जातात, आणि नेमक्या त्याच दोन दुकानात कुणी उघडून बघत नाही.

पहिली बीपीचं मशीन. पाऱ्याचं आता विद्यार्थ्याने विकत घ्यायचं कारण उरलेलं नाही. पारा वापरातून काढण्याचा मिनामाता करार भारताने 2018 मध्ये मान्य केला, आणि काचेची नळी घेऊन रोज अक्कलकोटहून एसटीने ये-जा करणं म्हणजे सांडायची वाट बघणंच. डिजिटलवर शिकणं होत नाही. शिकायचं असतं ते आवाज ऐकून आकडा पकडणं. राहिलं डायलवालं, म्हणजे ॲनेरॉइड. यात डायमंड कंपनीचं आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याची जमेची बाजू अशी की बल्ब (फुगवायचा रबरी गोळा), व्हॉल्व्ह (हवा सोडायची तोटी), ब्लॅडर (आतली रबरी पिशवी) हे सुटे मिळतात. पाउचमधल्या बिननावाच्या मशीनचा व्हॉल्व्ह गेला की अख्खं मशीन गेलं.

ब्रँड कोणताही असो, काउंटरवरच तपासा. कफमधली, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातली, हवा पूर्ण काढून टाका आणि काटा शून्यावर येतो का बघा. काही स्वस्त डायलना शून्यापाशी बारीकशी खीळ असते. काटा तिला टेकून थांबतो, त्यामुळे आतलं यंत्र शून्याच्या खाली सरकलेलं असलं तरी बाहेरून सगळं ठीक दिसतं. खीळ नसलेली डायल मागा. चुकत असेल तर निदान चुकताना दिसू दे की!

मग गळती. कफ स्वतःच्या दंडाला नको, स्टीलच्या पाण्याच्या बाटलीला घट्ट गुंडाळा. प्लॅस्टिकची बाटली दबते. 200 पर्यंत फुगवा, स्क्रू आवळा. पहिले काही सेकंद काटा जरा खाली बसतो, ते सोडून द्या. त्यानंतर एका मिनिटात 4 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर मशीन परत. गळती कुठे आहे तेही तिथेच कळतं. बल्बकडे जाणारी नळी दुमडून चिमटीत धरा. काटा थांबला तर दोष बल्ब-व्हॉल्व्हमध्ये, दुकानदार तेवढंच बदलून देऊ शकतो. काटा उतरतच राहिला तर ब्लॅडर किंवा डायलचा जोड. तिथे दुरुस्तीच्या गप्पा ऐकू नका, दुसरा पीस मागा.

व्हॉल्व्हचा स्क्रू हा पाउचमधल्या मशीनचा सगळ्यात मोठा दोष. अर्धा फेरा फिरवला तरी काही होत नाही, आणखी केसभर फिरवला की काटा एकदम तीस-चाळीसने कोसळतो. हवा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर वेगाने सुटली पाहिजे. का, ते नीट समजून घ्या. नाडी मिनिटाला 60 असेल तर ठोका सेकंदाला एक. काटा सेकंदाला 10 ने उतरत असेल तर दोन ठोक्यांमध्ये 10 मिलिमीटर निघून जातात. पहिला आवाज येईपर्यंत खरा वरचा आकडा मागे पडलेला असतो, आणि आवाज बंद झाल्याचं कळेपर्यंत काटा खऱ्या खालच्या आकड्याच्याही खाली गेलेला असतो. ट्यूटरच्या आकड्याशी आपला जुळत नाही तेव्हा पोरी कानाला दोष देतात, खोट असते स्क्रूत. फुगवलेल्या कफवर तीनदा स्क्रू सोडून बघा. काटा सावकाश, न अडखळता यायला हवा.

आता कफ. बाहेरच्या कापडावर जाऊ नका, आतला रबरी ब्लॅडर चाचपून बघा. कापड ऐसपैस आणि आत ब्लॅडर इवलासा, असा प्रकार सर्रास असतो. ब्लॅडरची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के आणि लांबी 80 टक्के लागते. घेर 28 सेंटीमीटर असेल तर साधारण 11 बाय 22. हाच कफ 36 सेंटीमीटरच्या दंडाला लावला तर बीपी खोटं जास्त येतं, कारण अरुंद कफला धमनी दाबायला जादा जोर लागतो. मोठा कफ विद्यार्थ्याने घ्यायची गरज नाही, वॉर्डातला मागून घ्यावा. पण आपल्या कफची हद्द कुठे संपते ते पेनाने कफच्या आत लिहून ठेवावं. वेल्क्रोत धागे अडकतात (यंत्रमागाच्या गावात हे वेगळं सांगायला नको), ते जुन्या टूथब्रशने काढा. कफ धुताना ब्लॅडर बाहेर काढा आणि वेल्क्रो मिटवून मगच भिजवा.

दुसरी वस्तू स्टेथो. पाउचमधल्याची नळी पातळ, कानातले बोंडूक कडक, छातीवर टेकवायचं डोकं खिळखिळं. तो बाजूला काढायला सांगा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. मग लिटमन कंपनीचा क्लासिक 3 घ्यायचा का? वस्तू उत्तम आहे, यात वाद नाही. वजन 150 ग्रॅम, नळी 69 सेंटीमीटर, मोठी बाजू 43 मिलिमीटर, लहान मुलांसाठीची 33. पण पहिल्या वर्षी बीपी, छातीवरचे ठोके आणि श्वासाचे ठळक आवाज एवढंच ऐकायचं असतं, त्याला जाड नळीचा आणि मऊ बोंडूकांचा मधल्या किमतीचा स्टेथो पुरतो. क्लासिक घ्यायचाच असेल तर आयसीयूच्या पोस्टिंगआधी घ्या आणि धातूवर कोरलेला सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. नकली माल फिरतो.

पहिल्या दिवशी "ऐकूच येत नाही" म्हणतात त्याची कारणं बहुतेक दोनच असतात. बोंडूकांचा रोख नाकाकडे हवा, पण उलटा घातला तर तो कानाच्या मागच्या भिंतीला टेकतो. किंवा स्टेथोच्या डोक्याची भलतीच बाजू चालू असते. पडद्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली की कळतं. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या मानेवर स्टेथो लटकवू नका. कातडीच्या तेलाने नळी कडक होते, म्हणून कॉलरवरून घाला. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातांचं सॅनिटायझर त्यावर चोळू नका, बुडवून तर अजिबात धुऊ नका.

पाउचमधली आर्टरी घ्यावी, पण बघून. मुठीजवळच्या खाचेच्या पहिल्या दातावर बंद करून उजेडासमोर धरा: टोकं आधी टेकलेली हवीत, मागे किंचित फट चालेल. उलट असेल, म्हणजे मागचं चिकटलेलं आणि टोकं उघडी, तर ती काही पकडणार नाही. मग शेवटच्या दातापर्यंत आवळा आणि काउंटरवर हलकेच आपटा. फटकन उघडली तर परत द्या. सांध्यात खरखर किंवा तांबूस डाग दिसला तर चांगल्या स्टीलऐवजी मुलामा असू शकतो. बोअरच्या जड पाण्यात तो लवकर उडतो.

टॉर्च पिवळसर, मंद उजेडाची हवी. पाउचमधली पांढरी एलईडी डोळ्यावर मारली की पेशंट डोळे मिटतो आणि बाहुली बघायची राहते. कात्रीचं खालचं टोक बोथट आहे ना, एवढं बघा. टेप, थर्मामीटर ठीक. ड्रेस मात्र या दुकानातून नको. देशभर युनिफॉर्म पुरवणाऱ्या गावात राहून दुकानदाराच्या गठ्ठ्यातला तयार एप्रन कशाला घ्यायचा? कॉलेजचा नमुना घेऊन शिवून घ्या, आणि खिसा कात्री उभी मावेल एवढा खोल सांगा.

बिलावर दुकानाचा शिक्का आणि बीपी मशीनचा नंबर घ्या, आणि बदलून द्यायची मुदत तिथेच लिहून मागा. "बघू की" म्हणणाऱ्याकडून फक्त कात्री-टॉर्च घ्यावी.