एमएचए की एमपीएच?
एमएचए म्हणजे रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी, एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याची. दोन्ही पदव्या आरोग्याच्या, म्हणून बरेचजण त्या एकाच पारड्यात टाकतात. तिथेच गफलत होते.

एमएचए रुग्णालयाच्या आत बघायला शिकवते. शस्त्रक्रियागृह किती तास रिकामं राहतं? डॉक्टरांनी घरी सोडायला सांगितल्यावर बिल हाती येईपर्यंत वेळ नेमका कुठे मुरतो? औषधसाठा, विम्याचे दावे, मनुष्यबळ, ताळेबंद हे सगळं त्यात येतं. शिकागो विद्यापीठाने १९३४ मध्ये रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून ही वेगळी विद्याशाखा मानली जाऊ लागली.

एमपीएचचा रुग्ण म्हणजे अख्खी वस्ती. १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमधले कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून पाण्याच्या एका पंपाकडे बोट दाखवलं, ती हिची परंपरा. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी हा तिचा कणा. आकडेमोडीचा तिटकारा असेल तर पहिलंच सत्र घाम फोडतं. (एमएचएत आकडे टळतात असं मात्र नाही, तिथे ते पैशांचे असतात.)

व्यवस्थापनच करायचं असेल तर माझं मत एमएचएला. लसीकरण मोहिमा किंवा धोरण खुणावत असेल तर एमपीएच. निवडीआधी अभ्यासक्रमात रुग्णालयातली प्रत्यक्ष इंटर्नशिप किती महिन्यांची आहे, ते जरूर विचारा.