कार्ल्सरूहची एस ४: मिरजेच्या एका रेल्वेवाल्याचा अभिप्राय

सांगलीत स्टेशन चौक आहे, पण तिथं स्टेशन नाही. पूर्वी गाडी थेट गावात यायची, मिरजेत बसलं की चौकात उतरायचं, असं आई सांगायची. पुढं १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज झाली आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. आज सांगली स्टेशनवर उतरलं की गावभागात पोचायला पुन्हा वेगळी सोय बघावी लागते. पहाटे दोन बॅगा आणि गुडघेदुखीची बायको सोबत असली की ते दोन-तीन किलोमीटर मुंबईपासूनच्या अख्ख्या प्रवासाहून जड जातात. रिक्षावाल्यानं सांगितलेला आकडा मान्य करायचा, दुसरं काय करणार?

हे आधी सांगितलं, कारण पुढं जर्मनीतल्या एस ४ या गाडीबद्दल जे लिहितोय ते याच दोन-तीन किलोमीटरबद्दल आहे.

मी रेल्वेत चौतीस वर्षं काढली, सगळी पी-वे, म्हणजे रेल्वेमार्गाच्या देखभालीच्या खात्यात. रूळ, स्लीपर, खडी, पॉइंट-क्रॉसिंग हेच माझं जग. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीला गेलो. ती ब्रेटन गावात राहते आणि नोकरीला कार्ल्सरूह शहरात जाते. दीड महिना आम्ही तिच्या एस ४ गाडीनं फिरलो.

पहिल्या दिवशी ब्रेटनच्या फलाटावर उभे होतो. समोरून एक मालगाडी धडधडत गेली. थोड्या वेळानं त्याच रुळावर एक पिवळी-लाल, बुटकी, दोन-तीन डब्यांची गाडी येऊन उभी राहिली. ही म्हणाली, "अहो, ही तर ट्राम आहे." मी म्हटलं, ट्राम मेन लाइनवर कशी येईल? मुलगी नुसतं म्हणाली, "आप्पा, बसा तर."

बसलो. गाडीनं पटकन वेग घेतला, शेतं आणि खेडी मागं पडली. डुर्लाख भागात एके ठिकाणी मोटरचा आवाज एकदम बंद झाला आणि गाडी नुसती आपल्या गतीवर घरंगळत राहिली. थोड्या वेळात आवाज पुन्हा सुरू. तेवढ्यात वरच्या तारेतली वीज बदलली होती. मेन लाइनवर १५ हजार व्होल्ट एसी, शहरात ७५० व्होल्ट डीसी. मधला तुकडा बिनविजेचा. मग बघतो तर आम्ही रस्त्याच्या मधोमध! दोन्ही बाजूंना मोटारी, सायकली, दुकानांच्या पाट्या. पुढं गाडी भुयारात शिरली आणि मार्क्टप्लाट्झला, म्हणजे शहराच्या ऐन मध्यभागी, आम्ही वर आलो. ब्रेटनला ज्या बाकावर बसलो होतो त्याच बाकावरून उठलो. एकदाही गाडी बदलली नाही.

या सेवेचं सगळं मोल याच एका गोष्टीत आहे. कार्ल्सरूहचं मोठं स्टेशनही १९१३ मध्ये गावाबाहेर दक्षिणेला हलवलं गेलं, बाजारपेठेपासून साधारण दोन किलोमीटरवर. खेड्यातून येणारा माणूस स्टेशनवर उतरायचा आणि ट्रामची वाट बघायचा. आपली सांगलीचीच गोष्ट. तिथल्या वाहतूक संस्थेचे प्रमुख डीटर लुडविग आणि त्यांच्या माणसांनी यावर उपाय काढला. माणसानं ट्रामपर्यंत येण्याऐवजी ट्रामच रेल्वेच्या रुळावरून त्याच्या खेड्यात न्यायची. २५ सप्टेंबर १९९२ ला कार्ल्सरूह ते ब्रेटन ही पहिली लाइन सुरू झाली आणि प्रवासी कित्येक पटींनी वाढले. आज तीच एस ४ हाइलब्रॉनच्याही पुढं जाते.

वाचायला सोपं वाटतं, पण माझ्या खात्यातल्या माणसाला विचारा. ट्रामचा रूळ रस्त्यात पुरलेला असतो आणि त्याची खाच अरुंद असते, म्हणजे चाकाची फ्लँज, त्याची आतली उभी कड, बारीक लागते. मेन लाइनच्या क्रॉसिंगवर, म्हणजे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथं, मात्र नोजपाशी, म्हणजे टोकदार भागापाशी, रुळात मोकळी जागा असते. तिथं चाक भलत्या वाटेला जाऊ नये म्हणून समोरच्या बाजूला चेक रेल, म्हणजे रुळाच्या आतून लावलेला जादा रूळ, त्याला धरून ठेवते. फ्लँज बारीक आणि दोन चाकांमधलं अंतर वेगळं असलं तर ही धरपकड सैल होते आणि चाक नोजवर आदळू शकतं. गाडी रुळावरून उतरवायला तेवढं पुरतं. म्हणून या गाड्यांच्या चाकाचा आकार दोन्हींकडे चालेल असा मुद्दाम घडवला आहे आणि त्यासाठी चेक रेलही उंच केल्या आहेत. नोकरीत मी गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मोजायची, पट्टी घेऊन मिलिमीटरसाठी गँगमनच्या मागं लागायचो, त्यामुळं हे बघताना मला काय वाटलं असेल ते माझ्या जुन्या सोबत्यांना कळेल. एका स्टेशनात फलाटाच्या टोकाला जाऊन मी बराच वेळ क्रॉसिंगच बघत उभा राहिलो. बायकोनं दोनदा हाक मारली.

दुसरी अडचण मजबुतीची. रेल्वेच्या डब्याला समोरून साधारण १५० टनांचा दाब सोसावा लागतो, असा नियम. या गाड्या ६० टनांच्या आसपास बांधलेल्या. मग मालगाडीच्या रुळावर त्यांना सोडायचं कसं? तिथल्या लोकांनी धडक झेलण्यापेक्षा धडक टाळण्यावर भर दिला. गाडीला रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक दिले, त्यामुळं ती फार कमी अंतरात थांबते. शिवाय लाल सिग्नल ओलांडला तर आपोआप ब्रेक लावणारी रेल्वेची यंत्रणा तिच्यात बसवली. चटकन थांबणं आणि चटकन वेग घेणं जमतं म्हणून वाटेत नवे थांबेही वाढवता आले. खेड्याच्या अगदी शाळेजवळ थांबा दिला तरी वेळापत्रक कोलमडत नाही.

एका रविवारी हाइलब्रॉनपर्यंत गेलो. तिथं तर मेन लाइनवरून आलेली हीच गाडी स्टेशनसमोरच्या चौकात वळते, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोर थांबते आणि गावातून बाहेर पडून पुन्हा मेन लाइनला लागते. बायको खिडकीतून त्या इमारतीच्या घड्याळाकडं बघत म्हणाली, "आपल्या सांगलीच्या राजवाड्यापुढं रेल्वे थांबल्यासारखं झालं की हे." माझ्या डोळ्यांपुढंही राजवाडा चौकच आला होता.

आता उणिवा. फलाटांची उंची सगळीकडे सारखी नाही. नव्या गाड्यांत सरळ आत पाय टाकता येतो, जुन्यांना पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो फरक मोठा आहे. दुसरं, मेन लाइन आणि शहर एकाच माळेत ओवले की एकाचा उशीर दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. तिसरं, यश फार आलं की जागा अपुरी पडते. कार्ल्सरूहच्या मुख्य बाजाररस्त्यावर ट्रामच्या एवढ्या रांगा लागायच्या की लोक त्याला पिवळी भिंत म्हणू लागले. शेवटी २०१० पासून खोदकाम करून डिसेंबर २०२१ मध्ये सात भूमिगत थांब्यांचं भुयार सुरू करावं लागलं. दुकानदारांनी ती वर्षं कशी काढली असतील!

तिकिटाचं म्हणाल तर मुलीनं आम्हाला देशभर चालणारा मासिक पास काढून दिला. तेव्हा ५८ युरो, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून सगळं त्यात बसतं. रोज फिरणाऱ्याला परवडतो, आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला महागच.

मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा पायऱ्यांसाठी कापला.

मिरजेला परत आल्यावर सोबत्यांना सांगितलं तर सगळे म्हणाले, त्यांचा गेज वेगळा, आपला वेगळा. हे मला पटत नाही. स्पेनमध्ये कादिझजवळ २०२२ मध्ये अशीच ट्राम सुरू झाली आहे, आणि ती १६६८ मिलिमीटरच्या रुळावर रेल्वेबरोबर धावते. आपला गेज १६७६. आठ मिलिमीटरचा फरक! दोन प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या लोकल आपल्याच मुंबईत वर्षानुवर्षं धावल्या, २०१६ मध्ये तिथली सगळी डीसी जाईपर्यंत. आपल्या सेक्शनवर गाड्यांची गर्दी आहे, हे मला कुणी सांगायला नको, मी त्याच सेक्शनवर ब्लॉक मिळायची वाट बघत उन्हात उभा राहिलोय. गर्दी ही खरी अडचण आहे. गेज आणि वीज या अडचणी नाहीत.

मिरज, विश्रामबाग, सांगली एवढं मेन लाइननं. तिथून रस्त्यात उतरून स्टेशन चौक, राजवाडा, गणपती मंदिर. मुलीनं दिलेल्या वहीत मी हे थांबे क्रमानं लिहून ठेवलेत, प्रत्येकापुढं अंदाजे अंतरही. गेल्या संकष्टीला मिरजेहून वडापनं मंदिरात गेलो तेव्हा वही खिशात होती. परतताना बायको स्टेशन चौकात थांबली आणि म्हणाली, "इथला थांबा पुतळ्याच्या अलीकडं हवा, पलीकडं सावली नाही." मी तसं लिहून घेतलं.