नदीकाठचं कुरण: हिरवं गवत आणावं की ब्रशचं बी?

गेल्या महिन्यात इथल्याच एका ओळखीच्या मराठी जोडप्याचा फोन आला. त्यांच्या गावातल्या आठ-दहा जणांनी मिळून थेम्सकाठची तीन एकर मळई घेतली आहे. सध्या तिथे नुसतं रायग्रास, म्हणजे चाऱ्याचं दांडगं गवत, आहे आणि त्यांना जुन्या धर्तीचं फुलांचं कुरण पुन्हा उभं करायचं आहे. प्रश्न एकच होता: जवळच्या जुन्या कुरणातून हिरवं गवत आणून पसरावं, की ब्रशच्या यंत्राने झाडलेलं बी आणून पेरावं? फोनवर मी बरंच लांबण लावलं. तेच इथे जरा नीट मांडतो.

माझा अधिकार एवढाच, की क्रिकलेड आणि ऑक्सफर्डच्या मधे अशाच चार एकरांत माझाही वाटा आहे. आम्ही निम्म्या जमिनीवर हिरवं गवत पसरलं आणि वर्षभराने उरलेल्या निम्म्यावर बी पेरलं. दोन्ही वर्षांचं पाऊसपाणी वेगळं होतं, त्यामुळे याला प्रयोग वगैरे म्हणू नये.

मातीची तपासणी झाली आहे असं धरतो. फॉस्फरसचा निर्देशांक ३ किंवा त्याच्या वर आला, म्हणजे जमीन फुलांसाठी फार सुपीक असेल, तर दोन्ही बेत गुंडाळा आणि काही वर्षं नुसतं गवत कापून बाहेर काढत राहा. पूर दरवर्षी गाळ आणतो आणि कापणी त्यातलं फॉस्फरस घेऊन जाते, हा हिशेब जुळल्याशिवाय फुलं टिकत नाहीत. पाकिटातल्या बियांच्या तयार मिश्रणाबद्दल लिहीत नाही. दहा मैलांवर जिवंत जुनं कुरण असताना कुठलं तरी बी विकत आणणं मला पटत नाही, इतकंच.

आता हिरवं गवत. कागदावर हेच सरस आहे आणि ते मी मनापासून म्हणतो. देणाऱ्या कुरणातलं उभं गवत बी पिकल्यावर कापायचं, न वाळवता ट्रेलरमध्ये भरायचं आणि निम्मी माती उघडी दिसेपर्यंत कुळवलेल्या आपल्या जमिनीवर त्याच दिवशी पातळ पसरायचं. त्यातून जवळपास सगळंच येतं: नॅपवीड, ग्रेट बर्नेट अशा उंच फुलझाडांचं बी, बुटक्या झाडांचं बी, शेवाळ, किडेसुद्धा. २०१३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या साठीनिमित्त ‘कॉरोनेशन मेडोज’ नावाने जी मोहीम निघाली, तिनेही जुन्या कुरणातून नव्या कुरणात असंच गवत नेलं. एक एकर जुन्या कुरणाच्या गवतात नवं दोन-तीन एकर सहज झाकतं.

अडचण एकच आहे, ‘त्याच दिवशी’ हे दोन शब्द.

कापणी कधी करायची हे देणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात, आणि त्याच्याही नाही, इंग्लंडच्या जुलैच्या हातात. त्या उन्हाळ्यात दोन आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपलो. दोनदा ‘उद्या नक्की’ ठरलं आणि दोनदा पावसाने मोडलं. तिसऱ्या वेळी बुधवारी सकाळी अकराला फोन आला, तेव्हा मी स्विंडनला ऑफिसच्या मीटिंगमध्ये. ज्याचा ट्रॅक्टर ठरवला होता तो दुसऱ्याच्या शेतावर अडकलेला. ऊन पडलं की सगळ्यांचीच कापणी निघते, त्यात त्याची चूक नाही. पहिला ट्रेलर एक वाजता आला. आम्ही पाच जणांनी दाताळ्यांनी दोन तासांत तो पसरला आणि खूश झालो. उरलेले दोन ट्रेलर रात्री पावणेनऊला आले. अंधार पडत आलेला, दोघांना मुलांना घरी न्यायचं होतं, वर शिंतोडे सुरू झाले. ढीग तसाच टाकून आम्ही घरी गेलो.

सकाळी सहाला ढिगात हात घातला, तर आंब्याच्या अढीत घातल्यासारखी ऊब. कोपरापर्यंत आत गेल्यावर चटका बसायला लागला. वास गोडसर, आंबलेला. आत बी होतं आणि ते शिजत होतं. तरी आम्ही ते पसरलं, कारण दुसरं करणार काय? वर्षभराची परवानगी, ओळखी, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं त्या एका रात्रीत गेलं, आणि पुढची संधी पुढच्या जुलैत. पुढे जानेवारीच्या पुराने जाड पसरलेलं न कुजलेलं गवत उचलून कुंपणाला नेऊन लावलं, तो आणखी वेगळाच वैताग.

ब्रशच्या बियाची गोष्ट याच्या मानाने संथ आहे. क्वाड बाइकच्या मागे एक डबा, त्याच्या तोंडाशी गरगर फिरणारा ब्रश. तो उभ्या गवताच्या शेंड्यांवरून जातो आणि पिकलेलं बी झाडून आत घेतो. गवत उभंच राहतं. शेतकरी नंतर त्याची वैरण करतो, त्यामुळे परवानगी मागताना त्याचा चेहरा वेगळा असतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. ते बी आम्ही माझ्या गॅरेजमध्ये ताडपत्रीवर पसरलं, दिवसातून दोनदा हाताने खालीवर केलं, आणि असंख्य किडे दाराबाहेर सोडले. वास थेट मळणीच्या खळ्याचा. घरातून एकच प्रश्न आला: “इथे गाडी ठेवायची आहे की बैल फिरवायचे आहेत?” आठवड्याने बी पोत्यांत भरलं आणि मग कोणाच्याही फोनची वाट पाहिली नाही. सप्टेंबरच्या मध्यावर जमिनीला वाफसा आला, शनिवार होता, सगळे मोकळे होते. वाळूत मिसळून बी फोकलं, रोलर फिरवला, दुपारी जेवायला घरी.

शरदात पेरण्याचा आणखी एक फायदा यलो रॅटलला होतो, कारण त्याच्या बियाला रुजण्याआधी हिवाळ्याची थंडी खावी लागते. हे झाड गवताच्या मुळांतून अन्न चोरतं आणि दांडग्या गवताला वठणीवर आणतं. आपल्याकडे ज्वारीत टारफुला दिसला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याच्याच कुळातलं हे झाड इथे लोक हौसेने पेरतात. त्याचं बी फार काळ टिकत नाही, म्हणून पोतं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नये.

ब्रशच्या उणिवा लपवत नाही. त्या दिवशी जे पिकलं असेल आणि ब्रशच्या उंचीला असेल तेवढंच मिळतं. बुटकी झाडं निसटतात. डेव्हिल्स-बिट स्केबियससारखी उशिरा फुलणारी तर हाती लागतच नाहीत, अर्थात ती जुलैच्या हिरव्या गवतातही नसतात. ग्रेट बर्नेट आमच्या बियाच्या बाजूला इतकं तुरळक आलं, की शेवटी त्याची रोपं आणून हाताने लावली.

आज काय दिसतं ते सांगतो. पहिला ट्रेलर जिथे पसरला ती पट्टी साऱ्या चार एकरांत सर्वांत देखणी आहे: बर्नेटचे गडद लाल गोंडे, नॅपवीड, पेपर सॅक्सिफ्रेजसुद्धा. तिथे उभं राहिलं की मला माझाच ब्रशच्या बाजूचा कौल चुकीचा वाटू लागतो. पण तिला लागून दुप्पट जागेवर, जिथे रात्रीचा ढीग पसरला, तिथे यॉर्कशायर फॉग आणि रायग्रास, म्हणजे नुसतं दांडगं गवत. बियाच्या बाजूला इतकं देखणं कुठेच नाही आणि इतकं वाईटही कुठेच नाही. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिथे यलो रॅटल दाट आलं आणि गवताची उंची डोळ्यांना दिसेल इतकी उतरली.

बियाने खरंच कुरण उभं राहतं का, ही शंका मलाही होती. ऑक्सफर्डजवळच्या सॉमरफोर्ड मीडमध्ये १९८५ पर्यंत धान्याचं पीक होतं. १९८६ मध्ये तिथे जवळच्या ऑक्सी मीड या जुन्या कुरणातलं बी पेरलं गेलं, आणि मग काही तुकड्यांत कापणीनंतर गायी, काहींत मेंढ्या, तर काहींत काहीच नाही, असं वर्षानुवर्षं पाहिलं. चराई झालेले तुकडे जुन्या कुरणाच्या अधिक जवळ गेले. तेव्हा बी कोणत्या मार्गाने आणलं यापेक्षा नंतर जनावरं कोण पुरवणार, याचा घोर जास्त लावून घ्या.

आणि फ्रिटिलरी. क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोत एप्रिलमध्ये ती जांभळी चौकडीची फुलं पाहून आलेला प्रत्येक जण हे विचारतोच. तिच्यासाठी या दोन्हींतलं काही निवडू नका. बीपासून फुलापर्यंत तिला बरीच वर्षं लागतात. ऑक्सफर्डच्या इफ्ली मेडोजमध्ये १९८३ साली ती जेमतेम ५०० होती आणि वेळेवरची कापणी-चराई सांभाळत ती कित्येक हजारांवर गेली.

देणारं कुरण बांधाला लागून असेल, ट्रॅक्टर घरचा असेल आणि जुलैत कोणालाच नोकरीवर जायचं नसेल, तर हिरवं गवत जरूर आणा; मी आड येणार नाही. त्या जोडप्याकडे यातलं काहीच नाही, दोघं रेडिंगला नोकरी करतात. शिवाय २००७ सारखा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातला पूर आला तर कापायला गवतच राहणार नाही. ब्रश निदान थोडा आधी, एखाद्या कोरड्या दुपारी फिरवता येतो.

आमची ती दुप्पट जागेची पट्टी या सप्टेंबरात पुन्हा कुळवायची आहे. ब्रशचं यंत्र सांगून ठेवलं आहे. गाडी पंधरा दिवस रस्त्यावर उभी राहील, हे घरी अजून सांगायचं आहे.