नोटपॅड प्लस प्लस: मराठी फायलींच्या कामासाठी कसं आहे?

नागपुरात सीताबर्डी, महाल किंवा सिव्हिल लाइन्समध्ये टायपिंग-डीटीपीचं काम करणाऱ्यांकडे पेनड्राइव्हवर येणाऱ्या मराठी फायली एका जातीच्या नसतात. फॉन्ट टाकला की काही सुधारतात, काही सुधारत नाहीत. कोणती कुठल्या जातीची, हे ओळखायला नोटपॅड प्लस प्लस हे साधा मजकूर लिहायचं-तपासायचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, आणि फुकटही.

नवी फाइल घ्या, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मेनूत यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडा आणि 'नागपूर' लिहा. खालच्या पट्टीत लेंथ, म्हणजे बाइटची संख्या, १८ दिसेल. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची प्रमाण चिन्हयादी मात्र सहा चिन्हं मोजते: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. प्रत्येकाला तीन बाइट. 'न'चे २२४, १६४, १६८. देवनागरीच्या १२८ जागांच्या मूळ विभागात पहिला बाइट कायम २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. म्हणूनच अशी फाइल एन्सी (विंडोजची युनिकोडआधीची जुनी पद्धत) समजून उघडली गेली की डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' दर तिसऱ्या जागी येतो. तो दिसला तर निश्चिंत राहा: मजकूर शाबूत आहे, वाचन चुकलंय.

इथेच या सॉफ्टवेअरचा सगळ्यात धोकादायक भाग येतो. एन्कोडिंग मेनूतले वरचे पर्याय बाइटना हात न लावता फक्त वाचायची रीत बदलतात. खालचे 'कन्व्हर्ट टू'वाले बाइटच बदलतात. पडद्यावर कचरा दिसत असताना घाईत 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' दाबलं की कचऱ्यातलं प्रत्येक चिन्ह स्वतंत्र अक्षर म्हणून पक्कं होतं, आणि 'नागपूर'चे १८ बाइट ३८ होतात. फाइल सेव्ह झाली असेल तर आधी 'कन्व्हर्ट टू एन्सी' करा, मग वरचा 'यूटीएफ-८' निवडा. इंग्रजी विंडोजवर बहुतेक वेळा मजकूर परत येतो. दोन पर्यायांची नावं इतकी सारखी ठेवायला नको होती.

न सुधारणारी चूक वेगळी आहे. एन्सी फाइलमध्ये मराठी पेस्ट केलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, म्हणजे बाइट ६३. त्यातून मूळ अक्षर शोधता येत नाही. प्रेफरन्सेसमध्ये न्यू डॉक्युमेंटखाली यूटीएफ-८ आधीच लावून ठेवा.

सदस्यांच्या याद्या सीएसव्हीत देत असाल तर 'यूटीएफ-८-बॉम' निवडा. सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट जास्तीचे लागतात, हीच बॉम नावाची खूण. ते नसले तर डबल-क्लिक करून उघडल्यावर एक्सेल अनेकदा मराठी चुकीचं वाचतं. वेबसाइटच्या कोडसाठी मात्र बॉम नको.

कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टपुढे हे साधन हतबल आहे, आणि तो त्याचा दोष नाही. कृतिदेव ०१० मध्ये 'नागपूर' म्हणजे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा साधी रोमन अक्षरं, सहा बाइट. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, त्यामुळे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. तिथे वेगळा कन्व्हर्टर लागतो, कारण क्रमही बदलावा लागतो: कृतिदेवमध्ये 'विदर्भ' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी येते आणि रफार 'भ'च्या नंतर. कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात आधी हेच दोन तपासावेत.

शोधताना एक अडचण येते. 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ, हलन्त, य, काना असे १२ बाइट, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य, काना असे १५ बाइट. दिसायला दोन्ही सारखेच, पण फाइंडमध्ये एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. मोठ्या फायलीत रिप्लेस करताना दोन्ही रूपं वेगवेगळी चालवा.